मांडवा ते वेंगुर्ला, घाई न करता: सागरी रस्ता, चार जेट्ट्या आणि रोजची ताजी मासळी

ज्यांना एका दिवसात मालवण गाठायचंय त्यांनी सरळ मुंबई-गोवा महामार्ग धरावा. हा लेख आठवडाभर हाताशी असलेल्यांसाठी आहे, आणि दुपारचं जेवण कुठे होणार यावर दिवसाचा प्रवास ठरवायला ज्यांची हरकत नाही त्यांच्यासाठी. रेवस ते रेडी असा सुमारे ५०० किलोमीटरचा सागरी मार्ग कागदावर एक रस्ता आहे. प्रत्यक्षात तो गावागावांतले रस्ते जोडून झालेला आहे. मध्ये खाड्या येतात, काहींवर पूल आहे, काहींवर जेट्टी, म्हणजे गाडीसकट पलीकडे नेणारी बोट. बोळातून जाताना एखाद्याच्या अंगणातल्या सुपाऱ्या टायरखाली येतील की काय अशी धाकधूक वाटते, आणि पुढच्याच वळणावर कड्याखाली अख्खा समुद्र पसरलेला असतो. इथे तासाला २५-३० किलोमीटर पडले तर चांगले पडले समजायचं.

महिना कुठला निवडावा

मासळी खायला जायचं असेल तर आधी बंदीचा काळ बघा. पश्चिम किनाऱ्यावर केंद्र सरकारने ठरवलेली यांत्रिक नौकांची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. राज्य त्यात वाढ करू शकतं, म्हणून त्या वर्षीचा आदेश बघून घ्यावा. या काळात ताटात येणारी सुरमई बहुतेक बर्फातली असते. खाडीतले मासे, खेकडे, छोट्या बिगरयांत्रिक होड्यांची मासळी तेवढी ताजी मिळते. पावसातलं कोकण बघायचं तर जरूर जा, पण मग मुख्य अपेक्षा कुळथाची पिठी आणि सुक्या मासळीकडून ठेवा. ती अपेक्षा फुकट जात नाही.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडतात, पण मासळी खरी स्थिरावते ती गणपती आटोपल्यावर. शिवाय श्रावण आणि गणपतीत किनाऱ्यावरच्या निम्म्या घरांत मासळी शिजत नाही. माझं मत विचाराल तर नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर. दिवाळीची सुट्टी आणि ३१ डिसेंबरचा आठवडा वगळा. त्या दिवसांत अलिबाग ते मुरूड रस्ता गाड्यांनी भरतो आणि खानावळीतली बाई तुम्हाला "काय आलंय" ते सांगण्याच्या मनःस्थितीत नसते. मार्चनंतर ऊन मारतं. पण ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर फेब्रुवारी-मार्चच बरा.

तिथी बघून निघा

कोळीवाड्यातला एक जुना हिशेब पाठ करून ठेवा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे भरती सव्वाअकराच्या आसपास, दुपारी आणि रात्री. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि दक्षिणेकडे वेळ थोडी अलीकडे येते, पण दिवस आखायला एवढं पुरे. दर दिवशी भरती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

या हिशेबाचे उपयोग बरेच आहेत. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याला जोर नसतो. रायगड पट्ट्यात डोल जाळी खांबांना बांधून ओढीच्या पाण्यात सोडतात. जोर असेल तर जाळं भरतं, म्हणून बोंबील, जवळा, करंदी उधाणात जास्त मिळते. भांगात गेलात तर तीच मासळी कमी आणि महाग. उधाणाच्या ओहोटीला खडक उघडे पडतात आणि बायका कालवं फोडायला, मुळे-तिसऱ्या काढायला खाडीत उतरतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी ताटात शिंपल्या येण्याची शक्यता वाढते. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काळोखात भरलेल्या आणि चांदण्यात पोकळ असतात, असं सगळे नाखवे सांगतात. शिवाय काळोख्या रात्री जाळं माशाला दिसत नाही, असंही.

तर अमावास्येच्या एक-दोन दिवस आधी निघा. घरातली मोठी माणसं कुरकुरतील. त्यांना चिंबोरीचं कारण सांगा.

मुक्काम कसे पाडावेत

दिवसाला ८०-१०० किलोमीटरच्या वर जाऊ नका. माझ्या मते मुक्काम असे: पहिला मुरूड-जंजिरा, दुसरा दिवेआगर किंवा श्रीवर्धन, तिसरा हर्णै-आंजर्ले, चौथा गुहागर, पाचवा रत्नागिरी किंवा पावस, सहावा देवगड, मग मालवणला दोन रात्री. दिवस कमी असतील तर सगळं भराभर उरकू नका, सरळ एक तुकडा काढून टाका. उत्तरेचा रायगड-दापोली तुकडा वेगळा करा आणि देवगड ते वेंगुर्ला पुढच्या वर्षासाठी ठेवा. रत्नागिरी ते देवगड हा टप्पा लांब आहे, तिथे दिवस पूर्ण लागतो.

नकाशावर गावांची नावं नीट वाचा. मुरूड दोन आहेत, एक जंजिऱ्याजवळचं आणि एक दापोलीजवळचं. वेळासही दोन: दिवेआगरच्या अलीकडचं एक आणि बाणकोटजवळचं कासवांचं दुसरं. देवगड आणि देवबाग यांत ५० किलोमीटरहून जास्त अंतर आहे. फोनवरचा नकाशा जवळचा रस्ता म्हणून सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, कच्च्या वाटेला लावतो. शंका आली तर एसटी कुठून जाते ते विचारा आणि त्या रस्त्याने जा.

गाडी आणि खिसा

मोठी, बुटकी, लांब गाडी नेऊ नका. जेट्टीच्या उतारावर तिचं पोट घासतं आणि वाड्यांमधून समोरून डंपर आला की मागे घ्यायला जागा नसते. हॅचबॅक उत्तम. टायर आणि ब्रेक बघून घ्या, घाटातली वळणं छोटी पण तीव्र आहेत. पेट्रोल अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण अशा तालुक्याच्या गावी भरून घ्या. अर्धी टाकी उरली की भरायची हा नियम ठेवा. रोख पैसे जवळ असू द्या, कारण रेंज गेली की मोबाईलवरून पैसे देणं थांबतं आणि रेंज नेमकी जेट्टीवर जाते. सूर्य मावळल्यावर गाडी चालवू नका. काळी म्हैस काळ्या रस्त्यावर बसलेली दिसत नाही.

गाडी पुळणीवर नेऊ नका. दर हंगामात कुणाची तरी चाकं वाळूत रुततात, भरती चढते, आणि गावातला ट्रॅक्टर बोलवेपर्यंत पाणी दारापर्यंत येतं. समुद्राचं पाणी इंजिनात गेलेल्या गाडीचं पुढे काय होतं ते कुठल्याही मेकॅनिकला विचारा.

सामानात एक थर्मोकोलची पेटी, जुनी वर्तमानपत्रं, दोन-तीन जाड प्लास्टिक पिशव्या आणि एक छोटी सुरी. लिंबं नकोत, तिथे कोकम आहे.

जेट्ट्या

मुंबईहून सुरुवात भाऊच्या धक्क्यावरून करा. २०२० पासून तिथून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट आहे, तासाभरात मांडवा. पेण-वडखळची गर्दी वाचते. शनिवार-रविवारी आरक्षण आधी करावं लागतं, आणि समुद्र खवळलेला असला तर फेऱ्या रद्द होतात.

त्यानंतर चार खाड्या जेट्टीने ओलांडायच्या: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. या खाड्यांवर पुलांचे प्रकल्प हाती घेतलेले आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा. पण जोवर जेट्टी आहे तोवर तिचा आनंद घ्या. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या समुद्राला मिळताना किती रुंद होतात ते पुलावरून जाताना कळत नाही.

रीत साधी आहे. धक्क्यावर आधी तिकीट काढा, मग रांगेत लागा. बोटीवरचा माणूस हात करेल तसंच गाडीत शिरा, आपली अक्कल चालवू नका. कधी सरळ, कधी उलट घ्यायला सांगतात. गाडी बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला. मग उतरून कठड्याशी जा. पूर्ण ओहोटीला उतार तीव्र होतो, तेव्हा पहिल्या गिअरमध्ये सावकाश चढवा. फेऱ्या साधारण अर्ध्या-पाऊण तासाने असतात, पण शेवटची फेरी कधी हे आदल्या मुक्कामावरून फोन करून विचारा. ती चुकली तर बाणकोट खाडीला आंबेतच्या पुलावरून मोठा वळसा पडतो, दाभोळला चिपळूणमार्गे त्याहून मोठा.

जेवण कसं मागावं

या रस्त्यावर मेन्यूकार्ड वाचून जेवायचं नसतं. ज्या हॉटेलच्या फलकावर पंजाबी, चायनीज आणि मालवणी एकत्र लिहिलेलं असतं तिथे थांबू नका. घरगुती खानावळ बघा, जिथे पडवीत चार टेबलं आहेत आणि आत घरचीच माणसं रांधतायत. सकाळी दहाच्या आत फोन करा किंवा जाता जाता सांगून जा: किती माणसं, किती वाजता. आणि प्रश्न एकच: "आज काय आलंय?"

"सुरमई आहे का?" असं विचारलंत तर उत्तर "आहे" असंच येतं, मग ती फ्रीझरमधून येते. "काय आलंय" विचारलं की सौंदाळे, मुडदुशा, बोय, ढोमा, कर्ली, पेडवे अशी नावं कानावर पडतात. ही छोटी, स्वस्त, काटेरी मासळी त्याच दिवशीची असते, कारण ती साठवायला कुणाला परवडत नाही. काट्यांचं भय असेल तर मुडदुशा घ्या. मधला काटा सोडला की मऊ पांढरं मांस उरतं, मुलांनाही देता येतं. ओली मांदेली कुरकुरीत तळली तर काट्यासकट खातात.

सुरमई किंवा पापलेट घेतलंच तर आधी भाव विचारा आणि मासा बघायला मागा. यात कुणी राग मानत नाही. पापलेट कल्ल्याजवळ दाबलं की पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर जुनं. कल्ले लाल हवेत, डोळा फुगीर हवा, अंगावर बोटाने दाबलेला खळगा भरून यायला हवा. तिसऱ्यांची तोंडं शिजवण्यापूर्वी मिटलेली हवीत, आणि शिजल्यावर न उघडलेली टाकून द्यायची. चिंबोरी हातात घेऊन वजन बघा. आकाराच्या मानाने हलकी लागली तर आत काही नाही. तळहाताएवढीही नसलेली पापलेटची पिल्लं मात्र घेऊ नका. २०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित केलं आणि बऱ्याच माशांची किमान लांबीही ठरवून दिली, ती काही उगाच नाही. गिऱ्हाईक आहे म्हणून पिल्लं धक्क्यावर येतात.

वारांचं भान ठेवा. सोमवार, गुरुवार, काही घरांत शनिवार, संकष्टी आणि मार्गशीर्षातले गुरुवार हे बऱ्याच खानावळींत शाकाहारी. दिवेआगर, केळशी, आंजर्ले, गुहागर इथल्या ब्राह्मणआळीत घरगुती मुक्काम केलात तर तिथे मासळी मिळणार नाही, मागूही नका; उकडीचे मोदक, वालाचं बिरडं, फणसाची भाजी मागा. मासळीसाठी कोळीवाड्याकडच्या किंवा बंदराकडच्या खानावळीत जा. पाच-दहा मिनिटांचं अंतर असतं.

अलिबाग ते श्रीवर्धन: तिखट, लसणाचं कालवण

मांडव्याहून अलिबाग, रेवदंडा, कुंडलिकेवरचा साळावचा पूल, कोर्लई, काशीद, मुरूड. अलिबाग ते मुरूड सुमारे ५० किलोमीटर. काशीदला गर्दी असते, तिथे न थांबता कोर्लईच्या किल्ल्याखालच्या कोळीवाड्यात चक्कर मारा. सुकवायला टाकलेल्या बोंबलांच्या वलांड्या बघायला मिळतील.

इकडचं जेवण आगरी-कोळी वळणाचं. खोबरं कमी, लसूण भरपूर, घरचा मसाला, चिंच किंवा कैरी, आणि रस्सा पातळ. बोंबील तळलेले घ्या, पण एकदा ओल्या बोंबलाचं कालवणही घ्या; ते उकळीत दोन मिनिटंच राहतं, जास्त झालं तर विरघळतं. सोबत तांदळाची भाकरी. जवळ्याची वडी किंवा कांद्यावर परतलेला जवळा मिळाला तर सोडू नका. मुरूड, श्रीवर्धन, पुढे बाणकोट, दाभोळ या बंदरांत कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. ओळख निघाली तर त्यांच्याकडचं सांदण आणि कोळंबीचं जेवण आवर्जून मागा. हॉटेलात ते क्वचित दिसतं.

जंजिरा राजपुरीहून शिडाच्या होडीने बघा आणि आगरदांड्याहून दिघी गाठा. दिवेआगर ते श्रीवर्धन जाताना भरडखोल, शेखाडी, आरावी हा रस्ता धरा, आतला नको. डावीकडे डोंगर आणि उजवीकडे थेट पाणी, अख्ख्या प्रवासातला हा सर्वात देखणा तुकडा आहे असं मी म्हणेन. भरडखोलला बंदरावर दुपारी होड्या लागतात.

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी खडकात कोरलेली जाळी बघण्यासारखी आहे, पण ती फक्त ओहोटीला आणि समुद्र शांत असताना. इथे माणसं वाहून गेलेली आहेत. तिथीचा हिशेब इथे कामी येतो.

हर्णै: लिलाव

वेश्वीला उतरल्यावर वेळास, केळशी, मग आडे, पाडळे, आंजर्ले असा किनाऱ्यालगतचा रस्ता. वेळासला २००२ पासून गावाने आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. मोसमात पहाटे आणि संध्याकाळी पिल्लं सोडतात. आंजर्ल्यात कड्यावरच्या गणपतीपासून खाली जोग नदीचं मुख दिसतं.

हर्णैला दुपारी चारच्या आत पोचा. सकाळीही लिलाव असतो, पण दुपारचा मोठा. होड्या खोल पाण्यात थांबतात, छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून मासळी पुळणीवर येते. बैल पोटभर पाण्यात उभे असतात. मासळीचे वाटे ओल्या वाळूवरच मांडले जातात: एकीकडे बांगड्यांचा ढीग, एकीकडे कोळंबी, मध्येच एखादी वाघळी पसरलेली. बोली लावणारा वाट्याभोवती फिरत आकडा ओरडत जातो, खरेदीदार मान हलवतात, आणि तुम्हाला काय झालं ते कळायच्या आत पाटी उचललेली असते. मागे समुद्रात सुवर्णदुर्ग. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी तो एक. याच वाटेवरचे विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही त्यात आहेत.

लिलावात तुम्ही बोली लावू नका. तो घाऊक व्यवहार आहे आणि तुमच्यामुळे भाव बिघडतो. कडेला बसलेल्या बायकांकडून किरकोळ घ्या. त्यांनी सांगितलेल्या भावात थोडी घासाघीस चालते, निम्म्यावर आणायचा प्रयत्न केलात तर ऐकून घ्यावं लागेल आणि ते रास्तच असेल. तिथेच थोडे पैसे देऊन साफ करून घ्या, बर्फ घ्या, पेटीत भरा आणि मुक्कामाच्या घरी द्या. बहुतेक खानावळी रांधण्याचे वेगळे पैसे घेऊन करून देतात, पण हे आधी विचारलेलं बरं. पायात जुनी चप्पल घाला. कॅमेरा काढण्यापूर्वी समोरच्याला विचारा.

दाभोळ ते रत्नागिरी

कर्दे, लाडघर, बुरोंडी करत दाभोळ, जेट्टीने धोपावे, मग गुहागर. गुहागरचा किनारा सुरूंच्या सावलीतला लांबलचक. एक दुपार काहीही न करता घालवायला उत्तम. वेळणेश्वर, हेदवीची बामणघळ (ही भरतीला बघायची, खडकाच्या चिरेत पाणी घुसून उंच उसळतं, कडेला मात्र जाऊ नका), मग तवसाळहून जयगड. मालगुंड, गणपतीपुळे. पुळ्याला दर्शन घ्या, पण समुद्रात उतरू नका; तळाची ओढ फसवी आहे आणि मंदिराच्या परिसरात मासळीही मिळत नाही. पुढे आरे-वारे मार्गे रत्नागिरी २५ किलोमीटर.

रत्नागिरीत मिरकरवाडा हे मोठं मासेमारी बंदर आहे. सकाळी लवकर जा. इथली उलाढाल हर्णैपेक्षा यांत्रिक आणि कमी रमणीय, पण शहरातल्या खानावळींची ताजी मासळी इथूनच जाते, म्हणून रत्नागिरीत जेवणाची फारशी शोधाशोध करावी लागत नाही. इथून खोबरं वाढायला लागतं.

पावस ते देवगड: सडा आणि खाड्या

भाट्ये, पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे. रस्ता जांभ्याच्या सड्यावर चढतो आणि खाडीत उतरतो, पुन्हा चढतो. झाड नाही, सावली नाही, पिवळं गवत आणि काळा-तांबडा कातळ. या कातळावर माणसांनी कोरलेली शिल्पं आहेत. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीला हत्तीची प्रचंड आकृती आहे, तिच्या पोटात इतर प्राणी कोरलेले. गावात विचारून जा, सकाळी किंवा उतरत्या उन्हात. भर दुपारी रेषा दिसत नाहीत.

पाणी आणि खाऊ जवळ ठेवा, या पट्ट्यात खानावळी विरळ आहेत. आंबोळगडला जायचं तर जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. जैतापूर, पडेल तिठा, तिथून विजयदुर्ग. किल्ला बघून वाडातरच्या पुलावरून देवगड. देवगडला हापूसच्या बागा सगळ्यांना माहीत असतात, बंदर कमी लोक बघतात. संध्याकाळी तिथे जा आणि रात्री ओल्या काजूची उसळ मिळाली, म्हणजे फेब्रुवारीनंतर गेलात तर, मासळीला एक दिवस विश्रांती द्या.

मालवण आणि पुढे

कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, कोळंबचा पूल, मालवण: सुमारे ५० किलोमीटर, पण सगळा दिवस लावा. आचऱ्याच्या आसपास किंवा पुढे तोंडवळीला पहाटे रापण ओढताना दिसेल. लांबच लांब जाळं होडीने समुद्रात गोल सोडतात आणि दोन टोकांनी किनाऱ्यावरून ओढून घेतात. मासळी रापणकरांमध्ये वाट्याने जाते. दोराला हात लावायची हौस असेल तर विचारून लावा आणि लय पकडा, मध्येच सोडून फोटो काढू नका.

मालवणात सगळे थाळीच मागतात. ती चांगलीच असते: तळलेला तुकडा, कालवण, सुकं, सोलकढी, भात. पण दोन रात्री आहात तर एकदा बांगड्याचं तिखलं सांगा. बांगड्याच्या तुकड्यांना हळद-मीठ लावून ठेवतात. सुकी मिरची, धणे आणि जरासंच खोबरं गुळगुळीत वाटतात. मातीच्या मडक्यात वाटप आणि बेताचं पाणी उकळलं की बांगडा सोडतात, कोकमं टाकतात. तिरफळं बी काढून, जराशी ठेचून शेवटाकडे घालायची. आधी घातली तर कडवटपणा उतरतो. पळी घालून ढवळायचं नाही, मडकं दोन हातांनी धरून हलवायचं. खाली उतरवल्यावर वरून चमचाभर कच्चं खोबरेल. रस्सा अंगाबरोबर राहतो. ते दुसऱ्या दिवशी सकाळी घावण्याबरोबर जास्त चांगलं लागतं, म्हणून रात्रीच थोडं काढून ठेवायला सांगा. कोळंबीला इथे सुंगटं म्हणतात आणि खेकड्याला कुर्ली, खानावळीतल्या बाईला "काकी, आज कुर्ल्यो गावतीत?" असं विचारलंत तर निदान हसून उत्तर मिळेल.

सिंधुदुर्गाला होडीने जा. किल्ल्याचं काम १६६४ मध्ये सुरू झालं आणि आत आजही वस्ती आहे. तारकर्ली-देवबागला पाण्यातल्या खेळांचे दलाल रस्त्यावर गाडी अडवतात. काच खाली करू नका. देवबागच्या टोकाला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, ओहोटीला गेलात तर फुकटात त्याहून चांगलं काही बघायला मिळतं.

मग कर्लीवरचा पूल ओलांडून परुळे, भोगवे, निवती, वेंगुर्ला. या भागात गर्दी अजून पोचलेली नाही. निवतीला बंदरावर छोट्या होड्यांची मासळी येते. शिरोडा हे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं गाव. पुढे रेडी, मग तेरेखोलहून जेट्टीने केरी. तेरेखोलपासूनच गोवा. तिथे याच बांगड्याचं हुमण होतं, तो वेगळा प्रवास.

परत येताना

आलेल्या रस्त्याने परत येऊ नका, दुसऱ्यांदा धीर राहत नाही. मालवणहून कसालला महामार्ग गाठा. पुण्याकडे जाणाऱ्यांनी फोंडा घाट किंवा सावंतवाडीहून आंबोली घाट चढून कोल्हापूरमार्गे जावं. मुंबईकरांनी महामार्गाने जावं आणि पहाटे निघावं.

ताजी मासळी एवढ्या लांब नेण्यात अर्थ नाही. बर्फ वितळतं, पेटीतलं पाणी डिकीत सांडतं आणि तो वास पुढचे दोन महिने गाडी सोडत नाही. सुकट घ्या: बोंबील, जवळा, सुके बांगडे, सोडे. हातात घेऊन वाकवून बघा, बोंबील कटकन मोडला पाहिजे. लवला तर आत ओल आहे आणि घरी जाईपर्यंत बुरशी धरेल. जवळा मुठीत दाबून सोडा, चिकटून गोळा झाला तर घेऊ नका. मिठाचे पांढरे थर असलेला बांगडा वजनाला महाग पडतो, झटकून मगच तोलायला सांगा. आधी वर्तमानपत्रात, मग दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधा, तोंड घट्ट वळून रबर लावा आणि तो गठ्ठा गाडीच्या टपावर कॅरियरला. कॅरियर नसेल तर बाजारात झाकणाचा डबा विकत घ्या. सोबतची सोलं, आगळ (कोकमाचा रस) आणि तिरफळं मात्र डिकीत ठेवायला हरकत नाही, फक्त आगळाची बाटली उभी राहील असं बघा.